घरात कोणी मोठं आहे का?

…आणि वर मलाच विचारतो, "बाळा, घरात कोणी मोठं आहे का?" मला! बाळा! अहो, बावन्न पूर्ण झाली मला, जिना नुसता दिसला तरी गुडघे कुरकुरायला लागतात, वाचायचा चष्मा वेगळा आणि तो चष्मा शोधायचा चष्मा वेगळा, आणि हा हेल्पलाइनवरचा मुलगा, माझ्या भाच्याच्या वयाचा असेल-नसेल, मला म्हणतो, "घाबरू नकोस हं, तुला कोणी रागावणार नाही, मोठ्या माणसाकडे फोन दे बरं." आता काय बोलणार? तोंडाला पदर लावून हसावं की डोकं आपटून घ्यावं?

थांबा, कायदा चांगला आहे हं! ते आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई मुलांच्या वाईटावर आहे. पोरं दिवसभर फोनमध्ये तोंड खुपसून बसणार, भलतंसलतं बघणार, भलती माणसं गोड बोलून त्यांना नादाला लावणार… तेव्हा सरकार म्हणालं, सोळाच्या आतल्यांना असं मोकाट सोडायचं नाही, ज्यानं-त्यानं आपलं वय सिद्ध करावं. करा की! मी कायद्याला एका शब्दानं नावं ठेवत नाही. पण मुलांसाठी बसवलेल्या दारात माझं बोट कशाला चेमटता?

आता मी काम काय करते ते सांगितल्याशिवाय माझं दुखणं तुम्हाला कळायचं नाही. मी आवाज देते. कार्टूनला हो! ते अस्वलाचं पिल्लू नाही का, बुटुक, बोबडं बोलतं, सारखं मधाच्या पोळ्यात हात घालतं आणि मग "आई गं, चावली!" म्हणून पळत सुटतं? तुमच्या घरातलं पोर ज्याच्याकडे बघत बघत चार घास जास्त गिळतं? तो बुटुक म्हणजे मी. वीस वर्षं झाली. चित्रं काढणारे बदलले, लिहिणारे बदलले, बुटुकच्या आईचा आवाज तर तिसऱ्यांदा बदलला, बुटुक तोच. लग्न मी केलं नाही, मूलबाळ नाही, जे काय पोरगं आहे ते हे केसाळ! घरात मी आणि माझी आई, दोघीच. आणि स्टुडिओ म्हणाल तर माझ्या खोलीतलं कपाट. हसू नका, खरंच कपाट. कपडे काढले, आतून रजया ठोकल्या, माइक टांगला, दार लावून घेतलं की बाहेर लग्नाची वरात गेली तरी आत ऐकू येत नाही. तिथे उभं राहायचं, कानात तीन बीप वाजतात, टू… टू… टू…, आणि तिसऱ्यानंतर तोंड उघडायचं ते बुटुकच्याच आवाजात. वीस वर्षं! बीप म्हटलं की माझा घसा माझा राहतच नाही. हे लक्षात ठेवा, सगळं रामायण इथूनच सुरू झालंय.

तर एके दिवशी सकाळी रेकॉर्ड केलेलं पाठवायला जाते, तर कंपनीचं ते अ‍ॅप उघडेचना. 'कृपया आपले वय पडताळा.' कंपनीच्या कोऑर्डिनेटर मुलीला फोन केला. ती नेहमी जांभई आणि बोलणं एकत्रच उरकते. "मॅम, नवा कायदा आहे ना, सगळ्यांनाच करायचंय, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचं! जगात ज्या ज्या कामाला कुणी दोन मिनिटांचं म्हटलंय त्यानं माणसाचा आठवडा खाल्लेला आहे. मी म्हटलं, "अगं, पण तू मला ओळखतेस ना? गेल्या महिन्यात माझे पांढरे केस बघून तूच म्हणालीस ना, मॅम, सोडून द्या आता रंगवणं?" म्हणे, "हो मॅम, पण मी ओळखून चालत नाही, सिस्टिमनं ओळखायला हवं. आणि शुक्रवारपर्यंत झालं नाही ना, तर नव्या भागांचा बुटुक दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतील, वरून तसं आलंय."

दुसऱ्या कुणाकडून! माझा बुटुक! अंगाचा तिळपापड झाला.

बरं, वय सिद्ध करायचं कसं? तर तीन रस्ते. एक, ओळखपत्राचा फोटो पाठवा. मी म्हटलं, नाही पाठवणार. का पाठवू? परवाच हार्डवेअरवाल्याकडून कपाटासाठी खिळे आणले, पुडी सोडून बघते तर आत कुणाच्या तरी ओळखपत्राची झेरॉक्स, फोटोसकट, पत्त्यासकट! तो बिचारा गृहस्थ माझ्याकडे टकामका बघतोय आणि त्याच्या नाकातनं खिळा आरपार गेलेला. कुणाला तरी विश्वासानं दिली असेल ना त्यानं? तो कागद निदान एका दुकानात फिरला, माझा फोटो कुठल्या देशातल्या कुठल्या कंप्युटरात जाऊन बसणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार? कोऑर्डिनेटरला विचारलं तर म्हणे, "मॅम, ते सेफ असतं." कोण म्हणतं? "त्यांनीच लिहिलंय ना." वा! चोर म्हणतो मी साव, आणि तुम्ही त्याला किल्ली द्या! तुम्ही मुलांना जपा हो, जरूर जपा, पण त्यासाठी सगळ्या मोठ्यांनी आपापली कुंडली खिडकीतून बाहेर टाकायची, हा कुठला न्याय?

दुसरा रस्ता, कॅमेऱ्यासमोर चेहरा. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, स्मित करा. अहो, जन्मभर चेहरा न दाखवता पोट भरलंय मी! कधी कुठे फोटो नाही, मुलाखत नाही. लहान मुलांना वाटतं बुटुक खरा आहे, त्यांना माझं हे थोबाड दाखवून कशाला रडवू? तोच माझा बाणा. तो मी एका यंत्रासाठी मोडणार? शक्यच नाही.

राहिला तिसरा रस्ता. आवाज. एक वाक्य वाचायचं, आवाजावरून यंत्र वय सांगणार. मी म्हटलं, हे आपलं घरचं मैदान! रुबाबात कपाटात शिरले, दार ओढलं, घसा खाकरला. पडद्यावर वाक्य आलं, 'मी दिलेली माहिती खरी आहे असे मी जाहीर करते.' खाली लिहिलेलं, बीपनंतर बोला.

टू… टू… टू…

आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं असेल? "मी दिलेली माहिती खली आहे अशं मी जाहील कलते!"

बुटुक! शब्दन् शब्द बुटुक! शेवटी ते नाक ओढणंसुद्धा केलं हो मी, सवयीनं! स्वतःच्या तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. पडद्यावर चांदण्या उधळल्या, एक फुगा वर गेला आणि अक्षरं आली, 'नमस्कार, छोट्या दोस्ता! तुझे अंदाजे वय आठ वर्षे.'

आता खोटं कशाला बोलू, एक क्षण छाती फुगली माझी. वीस वर्षांत आमच्या डायरेक्टरनं कधी 'बरं झालं' यापुढे शब्द काढला नाही, आणि इथे एवढं शिकलंसवरलं यंत्र फसलं! म्हणजे काय आवाज आहे, काय पकड आहे! मग एकदम डोक्यात प्रकाश पडला, की अगं बये, तू स्वतःच स्वतःला कुलूप घातलंस. पुन्हा बोलायला जावं तर बटणच नाही. 'लहान मुलांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येत नाही.' का, तर ती लबाडी करतात!

लबाडी म्हणे! आमच्या वरच्या मजल्यावरची सातवीतली पोरगी, तिनं काय केलं? आजीला म्हणाली, "आजी, हे वाक्य मोठ्यानं वाच गं, तुझ्या चष्म्याचा नंबर बघायचाय." आजीनं हौसेनं वाचलं. आता त्या पोरीचं वय पंचाहत्तर, सगळी दारं सताड उघडी, त्रास म्हणाल तर एवढाच की दिवसभर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती येतात. आणि त्या पट्ट्या जिला खरोखर हव्यात, ती मी आठ वर्षांची! कायदा चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतेय? फक्त तो ज्याला पकडायला निघाला ते मागच्या दारानं पसार आणि जी दारात उभी राहून खरं बोलायला गेली तिच्या बखोटीला हात, एवढंच!

मग हेल्पलाइन. आधी तासभर सनई. मग तो मुलगा. मी आपली माझ्या ह्या आवाजात, खर्जात म्हणते, "हे बघा, मी बावन्न वर्षांची बाई आहे, माझा व्यवसाय आवाज देण्याचा आहे." तर तो गोड हसून म्हणतो, "बाळा, मोठ्यांचे आवाज काढू नयेत." मी म्हटलं, "अहो, हा माझाच आवाज आहे!" म्हणे, "छान काढतेस. पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, मुलं आईचे आवाज काढून फोन करतात." माझा पारा चढला. मी म्हटलं, "लहान मुलाचा आवाज मी काढला होता, हा बघ, असा," आणि काढून दाखवला! बुटुकचा! तो एकदम आनंदला, "हां! आता कशी खरं बोललीस!" कुऱ्हाडीवर पाय म्हणतात तो हाच. मग मी पुन्हा खर्जात, मग पुन्हा बुटुक, मग खर्जात, असं करता करता मलाच कळेना की मी आत्ता कोणत्या आवाजात रडकुंडीला आलेय. तेव्हा तो म्हणाला, "बाळा, घरात कोणी मोठं आहे का? पालकांनी परवानगी दिली तर मुलांचं खातं चालू होतं."

पालक. माझे पालक.

माझी आई अठ्याहत्तर वर्षांची. हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य सिस्टर होती, तिच्या चपलांचा आवाज आला की डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढायचे. मी तिला जाऊन सांगितलं, "आई, असं असं आहे, उद्याच्या उद्या नाही झालं तर बुटुक जाईल, तू माझी पालक आहेस एवढं त्या यंत्राला सांग." तिनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे सरकारला शेवटी पटलं तर!" मी म्हटलं, "काय पटलं?" म्हणे, "की तुझ्यावर लक्ष ठेवायला हवं."

तिला कपाटात नेलं. यंत्र म्हणालं, बीपनंतर बोला. आई म्हणाली, "आधी तू ते टू-टू थांबव, मग मी बोलते." एवढ्यावर पास! ना वाक्य, ना स्मित, ना फुगे. 'पालक पडताळणी पूर्ण.' मला वाटतं यंत्रसुद्धा उठून उभं राहिलं असणार.

झालं! बुटुक वाचला! मी टाळी वाजवली… आणि आईच्या फोनवर एक पान उघडलं. 'आपल्या पाल्याचे नियम ठरवा.' किती वेळ काम करू द्यायचं, कुणाशी बोलू द्यायचं, किती वाजता बंद करायचं, सगळं तिच्या हातात. मी म्हटलं, "आई, दे इकडे, मी भरते." तिनं फोन छातीशी धरला. "इथे लिहिलंय, पाल्याच्या हाती देऊ नये."

आणि मग काय सांगू तुम्हाला! पहिल्याच दिवशी आमच्या रेकॉर्डिस्टदादांना बंद करून टाकलं. म्हणे, "हा कोण मिशावाला तुला सारखे निरोप पाठवतो?" अगं आई, ते दादा आहेत, रिटायर व्हायला आले, तू त्यांना दहादा भेटलीयेस! "असेल. इथे अनोळखी प्रौढ असं आलं होतं." त्या बिचाऱ्यांनी आईला फोन करून स्वतःची ओळख पटवली, शिक्षण, नोकरी, बायको काय करते… तेव्हा कुठे सुटका. मी भांडले. म्हटलं, मी कमावती आहे, मी तुझ्याहून उंच आहे! आई म्हणाली, "उंची विचारलेली नाही इथे."

पण खरा कहर पुढेच. संध्याकाळी सहाला माझं अ‍ॅप बंद. धाडकन! ऐन वाक्यात! मी कपाटातून तरातरा बाहेर आले, म्हटलं, "आई, सहानंतरच तर शांत असतं, माझं निम्मं काम तेव्हाच होतं, हे काय चालवलंयस?" मला वाटलं आता काहीतरी टोमणा येणार. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू त्या कपाटात गेलीस की मी हाक मारलेली तुला ऐकू येत नाही. दिवसभर त्या अस्वलासाठी गोड गोड बोलतेस, आणि बाहेर आलीस की मला म्हणतेस, आई, घसा बसलाय, नंतर बोलू. तुझा उरलेला आवाज मला कधी मिळालाच नाही गं."

फार लागलं ते. कारण खरं होतं, अक्षरशः खरं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले, मग तिनं वॉर्डातल्या एका लबाड पेशंटची गोष्ट सांगितली, आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

बरं, इकडे कंपनीचं काय झालं ते ऐका, तिथे तर माझा जीव थंड झाला. मी कागदोपत्री लहान मूल ना? मग लहान मुलांना कामाला लावायचे जे कायदे असतात ते सगळे माझ्यामागे येऊन उभे राहिले! सलग काम नाही, मध्ये मध्ये विश्रांती. अंधार पडल्यावर काम नाही. रविवारी नाहीच नाही. डायरेक्टरनं आवाज चढवायचा नाही. कधी स्टुडिओत बोलावलं तर न्यायला-आणायला गाडी आणि पालकाला बसायला खुर्ची. वीस वर्षं मी मोठी होते तेव्हा कुणी पाणी विचारलं नाही हो! घसा सोलवटेपर्यंत 'अजून एकदा, मॅम, शेवटचा, मॅम', तापात उभं केलंय मला त्या माइकपुढे. आणि आठ वर्षांची झाल्याबरोबर डायरेक्टर म्हणतो, "दमलीस… दमलात का? थांबूया?" सांगते ना, कायदा फारच चांगला आहे!

मग आठवड्याभरात त्या कोऑर्डिनेटरचा फोन. जांभई पार गायब. "मॅम, प्लीज, तुम्ही मोठ्या व्हा ना! आम्हाला परवडत नाहीये हे, एक ओळखपत्राचा फोटो पाठवला की झालं, लगेच सुटाल तुम्ही." मी म्हटलं, नाही पाठवत. "मग चेहरा तरी?" चेहरा तर मुळीच नाही. म्हणे, "मॅम, पण तुम्ही लहान नाही आहात!" मी म्हटलं, "हे मी शुक्रवारच्या आत तुला किती वेळा सांगितलं? तेव्हा काय म्हणालीस? सिस्टिमनं ओळखायला हवं. सिस्टिमनं ओळखलंय मला! आता तुला माझ्या वयाबद्दल काही शंका असेल तर माझ्या आईशी बोल." बोलली बिचारी. पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला, 'सॉरी मॅम, काकूंना सांगा मी सकाळी लवकर उठत जाईन.'

आणि मी मोठी होणार कधी, तेही विचारलं हेल्पलाइनला. तोच मुलगा. म्हणाला, "आता तू आठ वर्षांची, सोळा पूर्ण झाली की आपोआप होशील, बाळा." म्हणजे अजून आठ वर्षं! साठीला टेकेन तेव्हा मी वयात येणार! आणि तोवर पालक लागणार. पालक नसला की खातं बंद, बुटुक गेला.

हे मी हसत हसत आईला सांगायला गेले. आता आईचं कसं, की मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून तिचं एकच चालू होतं, "माझं काय, मी पिकलं पान, कशाला त्या गोळ्या, कशाला ते फिरणं?" सकाळची गोळी द्यायची म्हणजे आमच्याकडे रोज युद्ध. तिनं सगळं ऐकून घेतलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे शहाऐंशी," म्हणाली, आणि उठून चपला घालायला लागली. मी म्हटलं, "कुठे निघालीस?" म्हणे, "डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय ना? लहान मूल आहे घरात, मला हातपाय गाळून कसं चालेल?"

तेव्हापासून रोज चालते. गोळी मागून घेते, वर मला विचारते, दुपारची राहिली नाही ना गं? आणि तुम्ही मला सल्ला देताय, की एक फोटो पाठव आणि सुटून जा! नाइलाज आहे हो माझा… आता आठ वर्षं काही मला मोठं होता यायचं नाही.